प्लास्टरातली बाही

२५ जानेवारी १९९९, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय. चिखलात कुर्ल्या फिरल्यासारखं अक्षर आलंय. उजवा मोडला. बाकी उद्या.

२६ जानेवारी, मंगळवार

सुट्टी. आज नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

रविवारी संध्याकाळी जेटीमागच्या मैदानात प्रॅक्टिस होती. दर्या बॉईज, दाभोळ. बॉईज म्हणायचं एवढंच — सगळ्यात धाकटा बॉय एकतीस वर्षांचा आहे आणि मी, गोलकीपर, एकेचाळीसचा. सत्त्याहत्तर साली नाव ठेवलं तेव्हा शोभत होतं.

गफूरने शॉट मारला. गफूर आमचा कप्तान. सात नंबर. पहिलीपासून माझ्या बाकावर. दहा वर्षं दुबईला काढून आला, आता दोन होड्या आहेत आणि एक पोट आहे. पण शॉट अजून तसाच! मी उजवीकडे झेपावलो. बॉल अडवला. पुढे गोलपोस्ट होता — पोफळीचा — तो काही अडवता आला नाही. हात कोपराच्या खाली जिथे वाकायचा नाही तिथे वाकला.

मला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर लग्नाला गेलेले. कंपाउंडर सदू होता. त्याने डॉक्टरांना फोन लावला, 'प्लास्टर घालून ठेव, उद्या बघतो' असं उत्तर आलं. सदूने बाही कापायला कात्री घेतली. तेवढ्यात गफूर केवढ्याने ओरडला — "ए सदू! कापू नको! दुबईची हाय ती!"

ही जर्सी गफूरने गेल्या वर्षी आणली. एकूण पंधरा. बॅगेचं वजन वाढायला लागलं तेव्हा स्वतःचे सगळे कपडे तिथेच टाकून आला, पण जर्श्या आणल्या. चौदा निळ्या, अर्ध्या बाह्यांच्या. एक हिरवी, लांब बाह्यांची, एक नंबरची. ती माझी.

सदूने विचारलं, "मग करू काय?" गफूर म्हणाला, "वरून घाल."

आणि सदूने घातलं. बाहीवरून! आता हात प्लास्टरात, बाही प्लास्टरात, आणि उरलेली जर्सी माझ्या अंगावर. गफूरला शिव्या द्याव्यात तर पंचाईत अशी की त्या वेळी कळवळत का होईना, 'कापू नको' असं मीपण म्हणालो होतो. बायकोला, मालिनीला, हे सांगितलेलं नाही.

२८ जानेवारी, गुरुवार

दापोलीला जाऊन हाताचा फोटो काढला. डॉक्टरांनी दोनदा बघितला. हाड इतकं सुरेख बसलंय म्हणाले की आता प्लास्टरला हात लावायचा नाही. सहा आठवडे.

"आणि जर्सी?" मालिनीने विचारलं.

"तीपण सहा आठवडे," डॉक्टर म्हणाले. हसू आवरत नव्हतं त्यांना. शिकलेला माणूस!

२९ जानेवारी, शुक्रवार

मालिनीने जर्सी धुतली. म्हणजे मला मोरीवर पाटावर बसवलं, जर्सी डोक्यातून आणि डाव्या हातातून काढली, उजव्या हाताला लोंबकळत ठेवली. प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी. हात वर. जर्सी बादलीत. तिने साबण लावून असा काही पिळा दिला की मी पाटावरून उठलो.

मग वाळत घातली. म्हणजे मलाच अंगणात उन्हात बसवलं, बाजूच्या दोरीवर जर्सी. दोन तास. येणारे-जाणारे विचारत होते, "राजाभाऊ, काय वाळतंय?"

३० जानेवारी, शनिवार

पोष्टात कामावर गेलो. शर्टाची बाही प्लास्टरवर चढेना, म्हणून हिरव्या जर्सीवर शर्ट नुसता खांद्यावरून घेतला. एक म्हातारी मनीऑर्डर घ्यायला आली ती म्हणाली, "पोष्टाने नवीन कपडे दिले वाटतं."

३१ जानेवारी, रविवार

गफूर आला. हातात सुरमई. अडीच हाताची! तिथेच मला संशय यायला हवा होता.

चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणतो, "राजाभाव, तू माझा भाव हाईस. पन हात मोडलेला कीपर म्हंजे दार नसलेला घर. अझीमला घेऊया म्हनतो. तू मोकळा हो."

अझीम म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा. चोवीस वर्षांचा, तांडेल आहे, गफूरचीच होडी हाकतो. हात फावड्याएवढे. "त्याच्या हातातून मासा निसटत नाय, बॉल काय निसटंल?"

प्रकार असा आहे. मुरुडला दरवर्षी खाडी चषक असतो, ओहोटीच्या वेळी कडक वाळूवर. संघात पंधराच नावं चालतात. जखमी खेळाडूच्या जागी नवा घ्यायचा तर आधीच्याने स्वतः रिलीजच्या पत्रावर सही करायची. मुदत दहा फेब्रुवारी. स्पर्धेचे सेक्रेटरी हरिश्चंद्र गुरुजी. या माणसाने सगळ्या जन्मात कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही.

आणि आमच्या क्लबची आमची वेगळी रीत. जाणाऱ्याने जर्सी स्वतःच्या अंगातून काढून हातात द्यायची. घेणाऱ्याने त्याला गोड भरवायचं. मगच तो मोकळा. सत्त्याऐंशी साली एक जण भांडून बुरोंडीच्या संघात गेला आणि जर्सी घेऊन गेला, तेव्हा दोन गावांत तीन वर्षं लग्नाची बोलणी बंद पडली होती. तेव्हापासून ही रीत. जबरदस्तीने ओढून काढलेली जर्सी चालत नाही.

मी म्हटलं, "गफूर, जर्सी निघत नाही."

त्याने प्लास्टरकडे बघितलं. बाहीकडे बघितलं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. काय आनंद झाला मला! कापू नको म्हणून ओरडलास ना, आता भोग.

सुरमई मात्र ठेवून घेतली.

१ फेब्रुवारी, सोमवार

खाज. प्लास्टरच्या आत. देवा.

२ फेब्रुवारी, मंगळवार

मालिनीने खराट्यातला एक हीर काढून दिला. प्लास्टर आणि हात यांच्या मधे सारायचा आणि खाजवायचं. स्वर्ग म्हणतात तो हाच.

३ फेब्रुवारी, बुधवार

आज टोपलीभर तिसऱ्या आल्या, चांगल्या मोठ्या शिंपल्यांच्या. मागोमाग गफूर. म्हणाला, जर्सीचं मागाहून बघू, आधी सही दे.

मी पोष्टातला माणूस. त्याला समजावलं — माझी नमुन्याची सही उजव्या हाताची आहे. डाव्या हाताने केली तर जुळणार नाही. जुळत नसलेली सही मी स्वतः रोज चार लोकांची परत करतो. तत्त्वाचा प्रश्न आहे.

उद्या शाईचा पॅड आणतो म्हणाला. "अंगठा लाव."

"साक्षर माणसाचा अंगठा चालत नाही."

"कुनी सांगितला?"

"मीच सांगतो ना रोज खिडकीत."

तो उठून गेला. जाताना चपला उलट्या घालून गेला, इतका तापला होता. मालिनी तिसऱ्या धुता धुता म्हणाली, "एवढ्यात करू नका हो सही. पापलेट अजून आलेलं नाही."

५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे घडलं ते शब्दांत मांडता येणार नाही. तरी मांडतो. अमन आला होता! बुरोंडीच्या संघाचा कप्तान! मोटारसायकलवरून, इस्त्रीचे कपडे, पायात बूट. पोष्टाच्या दारात सगळ्यांदेखत म्हणाला, "राजाभाऊ, दाभोळवाले तुम्हाला नको म्हणत असतील तर आम्हाला द्या. हात मोडका असू दे. आम्हाला तुमचा अनुभव पाहिजे."

अनुभव! बावीस वर्षांत हा शब्द माझ्याबद्दल कुणी काढला नाही. गफूर फक्त 'आडवा पड' एवढंच म्हणतो.

विचार करतो म्हणून सांगितलं. घरी येताना छाती जरा पुढे होती. जर्सी घट्ट वाटली.

६ फेब्रुवारी, शनिवार

गंमत बघा. परवापर्यंत 'मोकळा हो, मोकळा हो' करत होते. आज सकाळी सात वाजता गफूर दारात — "राजाभाव, तुला आम्ही सोडनार नाय!"

"काढायला निघाला होतास ना?"

"काढनं वेगळं, सोडनं वेगळं. आम्ही तुला घरी बसायला मोकळा करत होतो. बुरोंडीला जायला नाय."

म्हणजे मी खेळायचं नाही, राहायचं नाही आणि जायचंही नाही. मग मी करायचं काय? लोणचं घालून ठेवा मला बरणीत.

"आनि तो अमन तुला का मागतो माहीत हाय? मी पेनल्टी कुठं मारतो ते त्याला पायजे. इतकी वर्सं तूच अडवत आलायस ना माझी पेनल्टी."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.  अनुभव म्हणजे हा होय.

दुपारी अमनला पोष्टातूनच निरोप पाठवला. नाही जमत. गफूर डावीकडे मारतो. नेहमीच. पण ते मी या वहीशिवाय कुणाला सांगायचा नाही.

८ फेब्रुवारी, सोमवार

पापलेट आली! चार. आणि पिशवीत पापलेटांखाली कात्री.

गफूर म्हणाला, दोनच दिवस उरले, आता बाही खांद्यापाशी कापू. माझी तयारी झाली. बाही प्लास्टरात राहिली तर राहू दे, पण बाकीची जर्सी अंगावरून उतरवावी असं खरंच वाटायला लागलं होतं. उकाड्याने जीव नकोसा झालाय, आणि वास. मालिनी ओटीवर झोपते.

त्याने कात्री खांद्यापाशी नेली. थांबला. कापडाला हात लावला. शिवण बघितली. परत कात्री नेली. परत थांबला. असं चार वेळा. शेवटी खुर्चीत बसला आणि म्हणाला, "पानी दे."

मी म्हटलं, "शिवाय कापलेली जर्सी म्हणजे अर्धी जर्सी. अर्धी परत केली तर मी अर्धाच मोकळा. गुरुजी अर्धं काही घेत नाहीत."

मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, "राजाभाव, खरा सांग. तुला खेळायला तर येनार नाय. मग अडून का बसलायस?"

काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं. "भिंत."

क्लबची मागची भिंत. सत्त्याहत्तर साली ठरवलं होतं — चषक जिंकू त्या वर्षीच्या पंधरा जणांची नावं त्या भिंतीवर रंगवायची. बावीस वर्षं झाली. तीनदा फायनलला हरलो. भिंत कोरी. दर दिवाळीनंतर गफूर स्वतः तिला चुना मारतो. तो दुबईला होता त्या वर्षांत तिथून पत्र यायचं, 'चुना मारलास का?'

मी म्हटलं, "या वर्षी संघ चांगला आहे. जिंकलात तर नावं लागतील. मी आज बाहेर पडलो तर एकेचाळिसाव्या वर्षी मला परत आत कोण घेणार? मग मी नुसता पोष्टातला क्लार्क. भिंतीवर नसलेला."

गफूरने कात्री पिशवीत टाकली. चहा न घेताच गेला. पहिल्यांदाच.

पापलेटांना चव नव्हती. मालिनीने मात्र दोन खाल्ली.

९ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर वाटत होतं, द्यावी सही. अझीम चांगला आहे, सकाळी जेटीवर बघितला. लांबून फेकलेली बर्फाची लादी एका हाताने झेलतो. माझ्या अडून बसण्याने दर्या बॉईज गोलकीपरविना हरले तर गाव मला पोष्टकार्डसुद्धा विकू देणार नाही.

मग वाटलं, का द्यावी? हात खेळताना मोडला. गफूरच्या शॉटवर मोडला. बॉल अडवून मोडला!

नाही देणार.

१० फेब्रुवारी, बुधवार

मुदतीचा शेवटचा दिवस. गफूर फिरकलाच नाही. मी पोष्टात खिडकीतून दिवसभर रस्ता बघत होतो.

संध्याकाळी त्याची बायको आली, खतिजा भाभी. हातात झाकलेलं भांडं. मालिनीला म्हणाल्या, "आज आमच्याकडे गोड केलं होतं. जरा तुमच्याकडेही आणलं." शेवया! तुपातल्या, वर खोबरं.

माझ्या लगेच लक्षात आलं. डाव! जर्सी निघत नाही तर निदान गोड तरी खायला घालायचं, आणि उद्या म्हणायचं, राजाभाऊने शेवया खाल्ल्या, मोकळा झाला. मी काही दुधखुळा नाही. भांड्याला हात लावला नाही. भाभी दोनदा म्हणाल्या, "घ्या ना राजाभाऊ, थोड्या." मी म्हटलं, पोट बिघडलंय. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत बसल्या आणि गेल्या.

मालिनीने सगळ्या संपवल्या. फार छान झाल्या होत्या म्हणते. तिला काय, ती संघात नाही.

११ फेब्रुवारी, गुरुवार

आज मासे नाहीत. मुगाची आमटी.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

टपालात मुरुडचं पोष्टकार्ड. कप्तान, दर्या बॉईज, दाभोळ. दुसऱ्याचं टपाल वाचू नये हे मला कळतं. पण पोष्टकार्ड उघडंच असतं, आणि शिक्का मारताना डोळे मिटून मारता येत नाही.

'आपल्या पत्राप्रमाणे यादीत बदल केला आहे. क्रमांक एक, राजाभाऊ, कायम. नवीन नोंद, अझीम. एकूण पंधरा. यादी बरोबर आहे. हरिश्चंद्र.'

मी कायम. अझीमही आत. एकूण पंधरा. कसं? पंधरात एक घातला की सोळा होतात, हे पहिलीतल्या पोराला कळतं!

पापलेट. दुसरं काय असणार? आमच्याकडे थांबली ती मुरुडला गेली. गुरुजी, शेवटी तुम्हीसुद्धा! आणि गफूर, धन्य आहेस. विचारावं तर विचारताही येत नाही, कार्ड वाचलं हे कबूल करावं लागेल.

पण मी कायम. तीनदा वाचलं. शिक्का जरा वाकडा बसला.

१४ फेब्रुवारी, रविवार

पहिली मॅच. ओहोटी संध्याकाळची. टेम्पोतून सगळे मुरुडला. मी पुढच्या सीटवर, हिरव्या जर्सीत.

अझीमला जर्सी नव्हती. एक नंबर माझ्या अंगावर अडकलेला. गफूरने त्याला स्वतःची सात नंबरची दिली! म्हटलं, आता कळली ना किंमत. पण ती निळी, आणि गोलकीपरला वेगळा रंग लागतो. पंच शिट्टी वाजवायला तयार होईनात. शेवटी अझीमने ती उलटी करून घातली, आतून ती पांढरट होती. छातीवर सगळ्या शिवणी आणि आत कुठेतरी सात.

गफूर खेळला नाही. लुंगी-शर्टात रेषेबाहेर उभा. घोटा दुखतो म्हणे. घोटा कसला, पोट आड येतं असं सरळ सांगावं. कप्तान म्हणवतो!

दोन-शून्यने जिंकलो. मी रेषेवरून अझीमला सांगत होतो, पुढे ये, मागे जा, वाऱ्याकडे बघ. पोरगा ऐकतो. मला 'मामू' म्हणतो.

२१ फेब्रुवारी, रविवार

सेमीफायनल. ओहोटी सकाळची, म्हणून साडेआठलाच. एक-शून्य. भरती चढायला लागली तेव्हा शेवटची पाच मिनिटं घोट्याएवढ्या पाण्यात खेळले. बॉल तरंगत होता. अझीम पाण्यात एकदम घरी असल्यासारखा.

गफूर आजही बाहेर. आता म्हणे गुडघा. घोटा वर वर चाललाय. पुढच्या रविवारी कंबर असेल.

प्रॅक्टिसला आता मी रोज जातो. अझीमला सगळं शिकवतोय. गफूर लांब बसून बघतो, मधेच हसतो. काय हसू येतं त्याला कोण जाणे.

२८ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो.

लगेच लिहून ठेवतो. फायनल बुरोंडीशी. नव्वद मिनिटं शून्य-शून्य. पेनल्टी. आमचे चार गोल, त्यांचे तीन, आणि त्यांची शेवटची मारायला अमन. हा अडला तर चषक आपला.

अमनने बॉल वाळूवर ठेवला. आणि नेमकी त्याच क्षणी मला खाज सुटली. कोपराच्या वर, अगदी आत. हीर खिशातच असतो. हात उंच धरला, हीर आत सारला आणि उजवीकडे वाकून जोरात खाजवायला लागलो. अझीम माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं मामूने खूण केली!

तो उजवीकडे झेपावला. अमनने उजवीकडेच मारली होती. फावड्याएवढ्या हातात बॉल असा बसला की निघेना.

सगळ्यांनी अझीमला उचललं, मग मला उचललं. "मामूनी सांगितला! मामूनी सांगितला!" मी हीर खिशात ठेवून दिला. इतक्या लोकांच्या आनंदावर विरजण कशाला घाला?

गफूर ढसाढसा रडला. मला मिठी मारून. प्लास्टरवर डोकं ठेवून. एवढं रडायला काय झालं? खेळला कुठे होता तो!

पण मीपण रडलो. बावीस वर्षं.

२ मार्च, मंगळवार

होळी. गाव अजून चषकाला नारळ फोडतंय. हरिश्चंद्र गुरुजींनी स्वतः मुरुडहून येऊन गफूरला नमस्कार केला म्हणे. माझ्याकडे आले नाहीत. पापलेटांची दोस्ती.

७ मार्च, रविवार

सुटलो! सदूने बादलीभर कोमट पाण्यात हात तीन तास भिजवायला लावला, मग थर थर सोलून काढलं. गफूर समोर बसून होता, "सांभाळून, सांभाळून" करत. हाताला नव्हे, बाहीला.

हात बारीक, पांढरा, पडवळासारखा. बाही मात्र अख्खी! एक धागा उसवलेला नाही. गफूरने ती उजेडात धरून बघितली आणि डोळे पुसले. म्हणाला, "बघ. कापली असती तर?"

घरी आलो. आंघोळ केली. दोन्ही हातांनी.

९ मार्च, मंगळवार

उजव्या हाताने लिहितोय. अक्षर अजून वाकडंच.

भिंत रंगवून झाली. बघायला गेलो. निळ्या अक्षरांत, वर चषक, खाली नावं. पहिलं माझं. शेवटचं अझीमचं. मधे गफूर शोधला. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. पंधरा नावं. गफूरचं नाही.

रंगारी म्हणाला, यादी गफूरभाईंनीच दिली, गुरुजींच्या सहीची.

तसाच त्याच्या घरी गेलो. तो होडीवर गेलेला. दारात खतिजा भाभी तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"गेल्या महिन्याच्या दहा तारखेला ह्यांनी स्वतःच्या रिलीजवर सही केली आणि सात नंबरची काढून माझ्या हातात दिली. कप्तानची जर्सी घेणार दुसरं कोण? मीच भरवल्या शेवया. रीत म्हणजे रीत. राजाभाऊला सांगू नको म्हणाले." सूप परत उचलत म्हणाल्या, "उरल्या त्या तुमच्याकडे आणल्या होत्या. तुम्ही खाल्ल्याच नाहीत."

मी म्हटलं, तेव्हा भूक नव्हती.